आधी भिंत बघ

बाबा,

आज पुन्हा तुमच्यामुळे माझा रविवार वाया गेला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, नवऱ्याच्या नोकरीपायी मी पार जपानात येऊन राहिले, तरी तुम्ही काही पाठ सोडत नाही. त्याला रविवारीही ऑफिस, म्हणून आम्ही राहतो त्या ओजिमाहून गाड्या बदलत मी एकटीच लेकीला घेऊन आधुनिक चित्रांचं संग्रहालय बघायला गेले. ते आहे एका जुन्या बँकेच्या दगडी इमारतीत. निघतानाच ठरवलं होतं, आज फक्त चित्रं बघायची, इमारतीकडे ढुंकूनही बघायचं नाही.

शाळेत माझ्या चित्राला बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही प्रदर्शनाला आला होतात. बांधकाम खात्यातले ओव्हरसिअर तुम्ही! माझं चित्र लावलेल्या भिंतीवर बोटं मुडपून टकटक केलंत, कान लावलात आणि हेडमास्तरांना म्हणालात, "गिलावा पोकळ वाजतोय हो, सुटणार हा." मग मला हाताला धरून कोपऱ्यातली ओल दाखवायला नेलंत. चित्राबद्दल चकार शब्द नाही. मी रात्री जेवले नाही, तर म्हणे, "अगं, भिंतच पडली तर चित्र कुठे लावणार?" देवळात, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलात, सगळीकडे तुमचं तेच. वैताग नुसता!

आणि आज? लेक एका भल्यामोठ्या लाल चित्रासमोर खिळून उभी आहे, आणि मी खिडकीपासून निघालेल्या तड्यामागे छताकडे बघत चालले आहे. वर तिला ओढते आहे, "हे बघ, इथून पाणी मुरतंय." तिने हात सोडवून घेतला आणि जपानीत सुनावलं, "आई, चित्र तिकडे आहे." तिचा चेहरा बघून मी चपापले. त्या दिवशी माझाही असाच झाला असणार. निमूट तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, तुला यात काय दिसतं? "उन्हात डोळे मिटले की दिसतं ना, तसं," ती म्हणाली. मग आम्ही दोघींनी तिथेच डोळे मिटून पाहिले.

निघताना मात्र राहवलं नाही. दाराजवळच्या भिंतीवर हळूच टकटक केलंच. कोपऱ्यात गुडघ्यांवर शाल घेऊन बसलेल्या राखणदार बाई लगबगीने आल्या आणि वाकून म्हणाल्या, कृपया हात लावू नका. लेक शरमेने लांब जाऊन उभी राहिली.

उद्या आमच्याकडे कागदाचा कचरा न्यायचा दिवस आहे, त्यात हे पत्र जाईल. पण भिंत भरीव होती, बाबा, अगदी भरीव. आणि हे ऐकून खूश होणारं माझं दुसरं कोणी नाही.