धडधाकट अंगठ्याला पट्टी

बुधवार, १२ नोव्हेंबर

ताई,

तुला आणि बाबांना नमस्कार. बाबांचा उजवा हात आता कितपत उचलला जातोय? मालीशवाला वेळेवर येतो ना? तू वेळेवर जेवतेस का, हे विचारत नाही. उत्तर ठाऊक आहे.

प्रदर्शन रविवारी संपलं. आपल्या सगळ्या पितळी मेणबत्तीदाण्या गेल्या. पानांच्या जाळीच्या त्या उंच दाणीत मेणबत्ती लावली की मागच्या भिंतीवर पानंच पानं हलायची आणि बघणारी माणसं जागची हलायची नाहीत. इथली भाड्याची खोली बरी आहे. मालकीणबाई कजाग, पण चहा झकास करतात.

झालं. सांगण्याजोगं सगळं संपलं. पुढचं लिहायला हात रेटत नाही. चार कागद फाडलेत.

शनिवारी एका हस्तकला शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी ती उंच दाणी उलटी करून आतून बोट फिरवलं. म्हणाल्या, "आतूनसुद्धा कानस मारलीये! कोणाच्या हातचं काम?"

मी म्हटलं, "माझ्याच."

जीभ घसरली म्हणावं, तर मागे घेता आली असती. घेतली नाही. घरी येणारं प्रत्येक माणूस तुझे हात बघतं आणि मला म्हणतं, "ही बोलते छान हं!" त्या बाई पहिल्यांदाच माझ्या हातांकडे तसं बघत होत्या. मग काय, तोंड सुटलं. पत्रा आधी तापवून मऊ करायचा, करवत रेटायची नाही, चुकलेलं पान झाकायचं नाही, त्यातूनच दुसरं काढायचं. तुझं सगळं माझं म्हणून सांगितलं. "सोमवारी आमच्या वर्गाला करून दाखवाल?" मी हो म्हटलं!

सोमवारी सकाळी धडधाकट अंगठ्याला जाड पट्टी बांधली आणि गेले. वर्गात वीस बायका. "अंगठा कापलाय, आज तोंडीच सांगते," म्हटलं आणि अर्धा तास दणकून बोलले. मग पुढच्या बाकावरच्या एक आजी उठल्या. "पस्तीस वर्षं नर्स होते मी. पट्टी फार आवळलीये हो, बोट काळंनिळं पडेल. बघू." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी गाठ सोडलीसुद्धा.

आत काय असणार? अंगठा.

त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वर्गाकडे पाठ करून पट्टी पुन्हा बांधली. सैल, नीट. "जखम ओली आहे," वर्गाला म्हणाल्या. "बाईंना आज त्रास देऊ नका."

त्यांनी चारचौघींत माझी लाज काढली असती, तर मी आणखी एक थाप मारली असती. ही माया मात्र सोसवेना. मीच पट्टी सोडली आणि म्हटलं, "जखम नाहीये. ते काम माझ्या ताईचं आहे. मला करवत धरताही येत नाही." मागे कोणीतरी फिसकन हसलं. आजी मात्र खाली बघत राहिल्या.

नंतर मुख्याध्यापिकांनी ऑफिसात बसवून एवढंच विचारलं, "मग बहिणीबद्दल तसं का बोललात?"

हेच लिहायचं टाळत होते, ताई. शनिवारी त्यांनी विचारलं होतं, घरात आणखी कोणी हे काम करतं का? मी म्हटलं होतं, "एक बहीण आहे. पण तिला यातलं काही कळत नाही. ती घरकाम बघते."

बाबांना भरवून, कुशीवर वळवून, त्यातून उरलेल्या वेळात तू ती पानं कापलीस. आणि मी हे बोलले.

त्यांना त्या वर्गासाठी पंधरा दिवस तू हवी आहेस. त्यांची चिठ्ठी सोबत ठेवलीये. मी गळ घालणार नाही, तो हक्क मी घालवला. शनिवारी घरी येतेय. तू गेलीस किंवा नाही गेलीस, तरी बाबांचं जेवण, औषधं, अंथरूण आता मी बघेन. हे समोर सांगता आलं असतं, पण समोर मी बोलून बोलून गोड केलं असतं.

शिव्या घाल. नाहीतर बोलू नकोस. बाबांना सांगायचं की नाही, तूच ठरव.

'तुझी' लिहायला आज धजत नाही.

धाकटी