काजूचा चीक आणि एक कोरा रकाना

आये, उद्या सकाळी अकरा वाजता मी आमच्या कातडीच्या दवाखान्यातल्या त्या खुर्चीत बसणार आहे. त्या खुर्चीशेजारी उभं राहून गेली अठरा वर्षं मी दुसऱ्या बायकांचे हात धरलेत, उद्या माझी पाळी. गालांवरच्या वांगाच्या काळ्या डागांना साल काढायचं औषध लावायचं आहे. आमच्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "सगळ्या म्हापशाला उत्तरं देता आणि स्वतःच्या तोंडावर हे काळं घेऊन बसता? येणारी बाई काय म्हणेल?" मी हसून हो म्हटलं. फॉर्म घरी घेऊन आले. तो मीच कधी काळी मराठीत उतरवलाय, त्यामुळे पाठच आहे. वय, ॲलर्जी, चालू गोळ्या, सगळं भरून झालं. एकच रकाना अडलाय. "रक्ताच्या नात्यात कोणाचा चेहरा एखाद्या लेपाने किंवा औषधाने भाजला होता का? नातं काय? कशामुळे?" हा रकाना कोरा असला तर मी बायकांना खुर्चीत बसूच देत नाही, परत पाठवते. मग माझ्यासाठी वेगळा कायदा कुठला? आज तो भरायचाच, असं ठरवून बसलेय, आणि पेन हातात घेतलं तर हे पत्रच सुरू झालं.

माझं काम तुला कळलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. पेडण्याहून साडेआठची बस धरायची, दवाखान्याचं दार उघडायचं आणि दिवसभर त्याच त्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. दुखतं का? मुंगी चावल्याएवढं. सुरकुत्यांच्या सुईत म्हणे वीख असतं? असतं, पण औषधाच्या मापात, आणि जाणत्या डॉक्टरच्या हातात. चेहरा पुतळ्यासारखा होणार नाही ना? नाही, हात आवरून टोचलं तर हसूही येतं आणि रागही दिसतो. एकदा टोचलं की जन्मभर टोचत राहायचं का? नाही गो बाई, तीन-चार महिन्यांनी असर उतरतो आणि सुरकुती होती तिथे परत येऊन बसते, व्याजासकट येत नाही. आणि ते गाल भरायचं इंजेक्शन म्हणजे हेच का? ते वेगळं, ते खड्डा भरतं, हे कपाळाच्या आठ्या सैल सोडतं. परवा लग्न आहे, उद्या करून द्याल? अजिबात नाही, महिनाभर आधी यायचं. बाजारात गोरं करणारं मलम मिळतं ते लावू का? हे विचारलं की माझं टाळकं सरकतं. ते मलम चार दिवस उजळ करतं आणि मग कातडी पातळ करून ठेवतं. मी ती ट्यूब पर्समधून काढायला लावते आणि माझ्या समोर कचऱ्यात टाकायला लावते. बायका मला खाष्ट म्हणतात. म्हणू देत.

एक प्रश्न मात्र फॉर्ममध्ये नाही, तो मी माझ्याकडून विचारते. "कोणी काय बोललं का तुम्हाला?" बहुतेक जणी "छे, कोण बोलणार" म्हणतात, आणि मग पाण्याचा ग्लास हातात दिला की डोळे भरतात. कोणाची जाऊ बोललेली असते, कोणाचा नवरा, कोणाचा तीन वर्षांचा नातू. अशीला मी सांगते, आठ दिवसांनी या. स्वतःला हवं असेल तर जरूर करा, मी स्वतः हात धरीन. पण कोणीतरी बोललं म्हणून रागाच्या भरात तोंडाला काही लावायचं नाही. हे कुठे शिकलात, असं डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं होतं. "अनुभव" म्हणून मी वेळ मारून नेली.

आता ते वर्ष. सगळ्या गोव्यात कोकणी की मराठी, या भाषेवरून रान पेटलं होतं. भिंतीवर आज एक घोषणा, उद्या तिच्यावर चुना आणि दुसरी घोषणा. बस कधी यायची, कधी वाटेत झाड आडवं टाकलेलं असायचं. जो तो छातीवर हात मारून विचारत होता, तुझी आईची भाषा कुठली? आपण शिरगावच्या अलीकडे राहत होतो. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे आणि तू आधी खाणीवर धोंडे वेचून मग दुसऱ्यांच्या काजूत रोजावर जात होतीस. तेरा वर्षांची मी डिचोलीच्या मराठी शाळेत होते, आणि त्या दिवशी बक्षीस समारंभात कविता म्हणणार होते. तू काजूत न जाता, नाही, काजूतून मध्येच उठून आलीस. आबोलीचा वळेसर केळीच्या पानात बांधून. पायाला माती, कपाळावर फडकं, आणि दोन्ही गालांवर ते वांग, नाकावरून या गालाचं त्या गालाला मिळालेलं. तू फाटकाशी उभी आहेस. मी व्हरांड्यात नव्या बाईंच्या शेजारी उभी आहे. बाई पणजीकडच्या, नुकत्याच रुजू झालेल्या, स्वभावाने गोड. त्या विचारतात, "तुझी आजी आली का गं?"

मी म्हटलं, "हो बाई."

छत्तीस वर्षांची होतीस तू, आये. माझ्या शेजारच्या बाईंपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. फाटक आणि व्हरांडा यात दहा पावलं, तुला ऐकू गेलं हे मला तेव्हाच कळलं, कारण तू पुढे आलीच नाहीस. मीच धावत फाटकाशी आले, तेव्हा तिथूनच हात लांब करून पान दिलंस. "घे गो बाय, केसात माळ. बरी म्हण." आणि गेलीस. संध्याकाळी तुला केसातला वळेसर दिसला. "बरी दिसतत गो तुका," एवढंच म्हणालीस आणि चुलीकडे वळलीस. सगळा गोवा आईच्या भाषेसाठी रस्त्यावर आला होता, आणि मला "ही माझी आई" हे तीन शब्द कुठल्याच भाषेत बोलता आले नाहीत.

पुढचं तूही जाणतेस, मीही जाणते, पण आपण कधी एकमेकींजवळ काढलं नाही. शेजारच्या काकीच्या पायाचं कुरूप काजूच्या चिकाने गेलं होतं. आपल्याकडे पायाच्या भेगेला, चामखिळीला तो चीक लावतातच. त्याच रात्री काकी तुला सांगत होती ते मी अंगणातून ऐकलं. "चीक लाव गो. साल सुटता आणि खाली नवी कातडी येता. माज्या पायाचा कुरूप गेला नाय?" पायाचं कातडं आणि गालाचं कातडं यात फरक असतो हे कोणी कोणाला सांगायचं? तिसऱ्या दिवशी सकाळी तुझे डोळे उघडेनात. तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं आणि गालातून पाणी गळत होतं. बाबांनी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांना तू ओठ न हलवता सांगितलंस, "काजी भाजताना फुटली." काजूची बी तडकून तोंडावर उडाली, हेच बाबांनाही, काकीलाही, मलाही. पण खाटेखाली करवंटीत उरलेला काळा चीक आणि हिराची काडी मला सापडली होती. मी ती मागच्या दगडी गडग्यापलीकडे फेकून दिली.

मग खपल्या पडल्या. एका सकाळी आरशाच्या तुकड्यात बघून तू मला हाक मारलीस. "बाय, सुटला गो! बग, नवी कातडी इली." खालची कातडी गुलाबी होती, तान्ह्या पोराची असते तशी, आणि तू किती खूश होतीस! आठ दिवस. हंगाम भरात होता, रोज बुडवून चालत नव्हतं, तू परत उन्हात गेलीस. आज मी दिवसातून दहा वेळा बजावते, साल काढल्यावर ऊन वर्ज्य, मलम लावल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, नाहीतर आधीपेक्षा दुप्पट काळं होईल. तसंच झालं. जाईपर्यंत तुझे गाल तव्यासारखे राहिले. त्यानंतर तू माझ्या शाळेत पाऊल टाकलं नाहीस, आणि मीही कधी "ये" म्हटलं नाही.

तुला जाऊन दोन तपं उलटली. तू गेलीस त्या वयाची मी आता झाले आणि तुझं वांग जसंच्या तसं माझ्या गालांवर उतरलं. गेल्या महिन्यात तुझ्या नातीचं लग्न झालं. फोटोवाला ओरडला, "आजींना जरा पुढे घ्या!" मी अंग चोरून मागे सरकले. आणि माझी पोर, हिरव्या चुड्यातली, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आजी खंयची रे? आई ती माजी!" मला खसकन जवळ ओढलंन आणि गालाला गाल लावून फोटो काढायला लावलान. सगळे हसले. मी न्हाणीघरात जाऊन रडले. लोकांना वाटलं, लेक चालली म्हणून.

तेव्हा माझाच प्रश्न मी मला विचारला. कोणी काय बोललं म्हणून करतेयस का? आठ दिवस नाही, चांगला महिना थांबले. नाही, फोटोवाल्यासाठी नाही, डॉक्टरीणबाईंसाठीही नाही. मला हे डाग नको आहेत, बस्स. तुलाही नको होते. छत्तिसाव्या वर्षी बरं दिसावंसं वाटणं हा काही गुन्हा नव्हता, फक्त तुला करवंटी मिळाली आणि मला डॉक्टर मिळाली. मी उद्या बसणार, आणि नंतर महिनाभर छत्रीशिवाय बाहेर पडणार नाही.

आता रकाना भरते. चेहरा भाजला होता का? हो. कशामुळे? काजी फुटून नव्हे. काजूचा चीक, स्वतःच्या हाताने लावलेला. नातं काय? आई. बघ, लिहिलं. त्या दिवशी व्हरांड्यात बाईंनी विचारलं तेव्हाही उत्तर एवढंच होतं.

फॉर्म पर्समध्ये ठेवलाय. हा कागद फडताळातल्या तुझ्या लुगड्याच्या घडीत जाईल. अजून एक राहिलं, आये. त्या आबोल्या मी कवितेच्या वेळी माळल्याच नव्हत्या. दप्तरात कोंबून ठेवल्या होत्या. घराच्या वळणावर आल्यावर काढून माळल्या, तुला दिसाव्यात म्हणून.