ओळखीचा हात

दिग्रस, जि. यवतमाळ
३ डिसेंबर १९६७

घनश्याम यास वाहिदचा सलाम.

तुझं कार्ड पोचलं. मुंबईचा शिक्का पाहून आधी वाटलं, रेडिओच्या व्हॉल्व्हच्या दुकानदाराचं उत्तर आलं. अक्षर पाहिलं तेव्हा समजलं.

आमचं इकडे बरं चाललं आहे. कापूस यायला लागला, जिनिंगसमोर गाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत जाते. दुकान सुरू आहे. आता लोकांजवळ सेलवरचे छोटे ट्रान्झिस्टर आले. शेतात नेतात, विहिरीत पाडतात आणि मग माझ्याकडे घेऊन येतात. मागच्या आठवड्यात आर्णीला गेलतो, तिथल्या तंबू टॉकीजचा लाउडस्पीकर गुरगुरत होता, तो नीट करून दिला. रौशन बरी आहे. मुलगी हुस्ना आता चालते आणि हाताला येईल ते तोंडात घालते, म्हणून सोल्डरची तार वरच्या फळीवर ठेवावी लागते. अम्माच्या तब्येतीचं तू विचारलं आहेस. ते पुढे लिहितो.

तू लिहितोस, "त्या रविवारी सकाळी तू बिनतारी संचावर हैदराबादच्या माणसाशी बोलत होतास. तुमचं संपल्यावर मी किती वेळ तुझी खूण ठोकत राहिलो. तुला ऐकू आलं नाही का?"

ऐकू आलं, घनश्याम. चांगलं स्वच्छ ऐकू आलं.

तू तुझी खूण ठोकण्याआधीच मी ओळखलं. लायसन्ससोबत मिळालेली खूण बदलते, माणसाचा हात बदलत नाही. मोर्सचा लांब ठोका तू गरजेपेक्षा जास्त ओढतोस आणि नंतर जरासा अडखळतोस, जसा काही पुढचं अक्षर तुला कोणी सांगणार आहे. नागपूरला लायसन्सच्या परीक्षेच्या वेळी मी तुला त्यावरून किती बोललो होतो. तोच हात. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. टेबलावरूनही तो बारीक बारीक वाजत होता. रौशननं विचारलं, "कोण होय?" मी म्हणालो, "कोणी नाही." आणि संच बंद केला. नंतर दिवसभर दुकानात माझ्या हातून एक काम धड झालं नाही, हेही लिहून टाकतो. मला आनंद झाला होता. त्या आनंदाचाच मला राग आला.

अजनीचे ते रेल्वेचे गार्डसाहेब ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा त्यांनी संचाच्या सुट्या भागांचं न उघडलेलं खोकं आपल्याला दिलं, ते आपण एस.टी.च्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन आणलं होतं. तुला आठवण करून द्यायची गरज नाही. पण मला आजकाल वाटतं, ते दोघं कोण होते ते एकदा लिहून पाहावं. एक शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, मावशीकडे राहणारा. दुसरा रेडिओ दुरुस्तीवाला. दोघं मराठी शाळेत एका बाकावर बसलेले. माझ्या दुकानावरच्या खोलीत आपण त्या खोक्यातला एकेक भाग चादरीवर मांडला. तू इंग्रजी पुस्तकातलं वाचायचास, मी जोडायचो. ऐकायचं आणि बोलायचं, दोन्ही एकाच पेटीत. कोणती तार कुठे, यावर आपण भांडायचो आणि अम्मा खालून ओरडायची, "अरे, भांडता काहून? पुस्तकात लिहून नाही का?"

पेटी बंद केल्यावरही आत वीज साठून राहते, हे त्याच पुस्तकात लिहिलं होतं. तरी तू बोट घातलंस आणि भिंतीवर जाऊन आदळलास. अम्मा धावत वर आली. तुझा पांढरा पडलेला चेहरा पाहून तिनं मला शिव्या घातल्या, तुला नाही. हळद घातलेलं दूध तुला पाजलं आणि तुझा हात मांडीवर घेऊन चोळत बसली. "पोराले मारून टाकशीन तू," मला म्हणाली.

मग आपण एरियलच्या जागी बल्ब लावून चाचणी घेतली. ठोके द्यायची चावी दाबली की बल्ब पेटावा, सोडली की विझावा. आपला पेटला तो विझेचना. पेटी चावीला विचारत नव्हती, आपल्याच नादात बोलत सुटली होती. तीन संध्याकाळी आपण डोकं फोडलं. शेवटी तूच म्हणालास, ही तार त्या कॉइलच्या फार जवळून गेली आहे, घरातलं बोलणं घरातच फिरून येतं. तार वळवून दूर नेली आणि बल्ब शहाण्यासारखा वागू लागला. ते तुझं काम. मी कोणालाही आजपर्यंत ते माझं म्हणून सांगितलं नाही.

आणि कोलंबोचा तो माणूस! आपलं पहिलं उत्तर. चावीवर तू होतास, 'दिग्रस' ठोकायला तुला दोनदा सुरुवात करावी लागली. अम्मा दारात उभी राहून विचारत होती, "काय म्हणते तो?"

तू म्हणालास, "तिकडे पाऊस पडून राह्यला म्हणते."

"मंग बाहीर नको निघू म्हणावं त्याले."

आणि तू ते खरंच ठोकलंस. कोलंबोच्या माणसाला माझ्या आईचा निरोप गेला. त्यानं आभार मानले. अम्मानं ती गोष्ट अख्ख्या मोहल्ल्यात सांगितली.

तेव्हा गावाला आपलं कौतुक होतं. डॉक्टर यायचे, जिनिंगचे शेठ यायचे. एस.टी.चा ड्रायव्हर प्रेमसिंग तर गाडी लावली की सरळ जिना चढायचा. त्याला कट्ट-कडकट्ट काही समजत नसे. भिंतीला टेकून बिडी न पेटवता ऐकत बसायचा.

मग पासष्टची लढाई लागली. मी स्वतः संच बंद केला, वर चादर टाकली. पण गच्चीवरून कडुनिंबापर्यंत गेलेली तांब्याची तार सगळ्या गावाला दिसत होती. जे कालपर्यंत तिच्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या गावचा पोरगा कोलंबोशी बोलते," तेच म्हणू लागले, "कोलंबोशीच बोलते कायवरून?" दुरुस्तीला दिलेले रेडिओ लोक अर्धवट उघडलेले परत नेऊ लागले. एकानं तर नुसतं खोकं नेलं, आतलं माझ्या टेबलावरच राहिलं.

यवतमाळहून जीप आली. संच नेला, मलाही नेलं. मला मारलं नाही. खोटं कशाला लिहू. फक्त एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होते. मी म्हणालो, "साहेब, मी कोणाशी काय बोललो ते घनश्याम मास्तरला विचारा. तो रोज माझ्याजवळ बसत होता." मी हे किती सहज म्हणालो. वाटलं, आता सुटलोच.

साहेब म्हणाले, "त्याला विचारूनच आलो." आणि तुझी जबानी वाचून दाखवली. "मी केवळ शिकण्यासाठी जात होतो. माझ्या माघारी वाहिद कोणाशी बोलत असे, हे मला माहीत नाही."

यातलं एक अक्षर खोटं नाही. तेच मला आजपर्यंत सलतं. खोटं बोलला असतास तर मी दात-ओठ खाऊन भांडलो असतो. तू खरं बोललास आणि मला बुडवलंस. तू अर्ज केलेल्या सरकारी नोकरीसाठी तुझी पोलीस चौकशी त्याच महिन्यात चालू होती, हे मला नंतर समजलं.

आता अम्माचं लिहितो. कितीदा पेन ठेवलं, पण तू विचारलं आहेस.

मला नेल्यावर ती रौशनला घेऊन तुझ्या दारी आली होती. हे तुला माहीत आहे. मला रौशननं सांगितलं, तेही मी सुटून आल्यावर बऱ्याच दिवसांनी. भर दुपार होती. आत रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. अम्मानं हाक मारली, "घनश्याम!" आणि बातम्या मध्येच बंद झाल्या. मावशी बाहेर आल्या. "घनश्याम दारव्ह्याले गेला," म्हणाल्या.

अम्मा ओट्यावर बसली. रौशन म्हणे, "चला," तर उठेना. बंद दाराकडे पाहून बोलत होती, जशी काही तू समोर बसला आहेस.

"बेटा, मी काही मांगाले नाही आली. खोटं बोल म्हणत नाही. तू जे पाह्यलं तेवढंच सांगजो. तू होता नं तिथं? मी होती, तू होता. माहं कोण ऐकते? तू मास्तर आहे, तुह्यं ऐकतीन."

मावशींनी पाणी आणून दिलं. ते तिनं घेतलं, दुवा दिली आणि घरी आली.

घनश्याम, तू त्या दाराच्या आत उभा होतास की बसला होतास? मला हे उगीचच जाणून घ्यावंसं वाटतं.

तू कार्डात लिहितोस, "त्या दिवसांत सगळेच घाबरले होते." होते. प्रेमसिंगही घाबरला होता. त्याची नोकरी होती, तांड्यावर म्हातारी माय होती. तरी तो यवतमाळची फेरी संपवून खाकी कपड्यांतच ठाण्यात आला. साहेब म्हणाले, "तुला ते ठोके समजतात का?" तो म्हणाला, "नाही साहेब, मले ठोके नाही समजत. पण हा मानूस समजते. मी याच्या बाजूले बसत होतो." त्याला हाकलून दिलं, वरून एक शिवी दिली. दुसऱ्या दिवशी तो परत आला. त्याच्या बोलण्यानं मी सुटलो नाही, दिल्लीहून लायसन्सचं उत्तर आलं तेव्हा सुटलो. पण त्या कोठडीत बसून मला एवढं ठाऊक होतं की बाहेर एक माणूस माझ्या नावानं बोलतो आहे. तो एक तू असायला पाहिजे होतास.

दिवाळीच्या आधी मी घरी आलो. अम्मा त्याच हिवाळ्यात गेली. छातीत कफ धरला, पुसदच्या डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही. तुझ्यामुळे गेली असं मी म्हणत नाही. तेवढा अन्याय मी तुझ्यावर करणार नाही. पण तू म्हणशील की तिनं तुला शाप दिला असेल, तर तेही नाही. शेवटच्या दिवसांत तिनं मला विचारलं, "घनश्यामले नोकरी लागली का रे?" मी म्हणालो, "लागली, मुंबईला गेला." ती म्हणाली, "बरं झालं. पोरगा हुशार आहे." एवढंच.

तिनं तुला माफ केलं होतं. ती तिची गोष्ट. तिच्या माफीत माझी धरू नकोस.

मयतीला प्रेमसिंग होता. डॉक्टर होते. तुझ्या मावशीही येऊन रौशनजवळ बसल्या आणि रडल्या. त्यांनी तुला कळवलं असेल, असं मी आजपर्यंत धरून चाललो होतो. तुझं कार्ड वाचून समजलं, कळवलं नाही. की कळवलं होतं आणि तू विसरलास? नको, याचं उत्तर लिहू नकोस.

संच परत मिळाला तो पोत्यात भरून. दोन व्हॉल्व्ह फुटलेले, कॉइली चेपलेल्या. मी तो पलंगाखाली ढकलून दिला. रौशननंच तो ओढून बाहेर काढला. म्हणाली, "लोकाइनं तोडलं म्हणून तुम्ही कायले सोडता?" ती पुस्तकातल्या आकृत्या समोर धरायची, मी कॉइल गुंडाळायचो. इंग्रजी तिला येत नाही, पण आकृतीतला जोड चुकला तर तिला आधी दिसतो. सोल्डर माझ्यापेक्षा साफ करते. बल्ब लावून पुन्हा चाचणी घेतली, ह्या वेळी तो पहिल्याच फटक्यात पेटला आणि विझला. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी कोणाला बोलावलं नाही. तांब्याची तार पुन्हा कडुनिंबाला बांधली, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत.

तू विचारतोस, पुन्हा पहिल्यासारखं बोलू या का, दर रविवारी, ठरलेल्या वेळी. तुझी मोठी पेटी आहे, चांगलं एरियल आहे, दिग्रस तुला सहज ऐकू येतं, असं लिहितोस. येत असेल.

त्या रविवारी मी संच बंद केला, ते चुकलं. हवेवर कोणी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची, तो कोण, कुठला, कोणत्या धर्माचा, विचारायचं नाही, हा या कामाचा रिवाज आहे आणि तो मला प्रिय आहे. तुझ्यापायी मी तो मोडणार नाही. तेव्हा तू हाक मार, मी ओ देईन. तुझा आवाज किती स्वच्छ येतो ते सांगेन. माझं नाव वाहिद, गाव दिग्रस, असं सांगेन, जसं नव्या माणसाला सांगतात. इथं ऊन आहे की आभाळ, तेही सांगेन. शेवटी ७३ ठोकेन, निरोपाचा ठरलेला आकडा, कारण तो सगळ्यांनाच ठोकतात. त्यापुढे काही विचारू नकोस. घरच्यांचं तर नकोच.

वाहिद शेख नजीर
रेडिओ दुरुस्तीवाले, दिग्रस