स्वल्प म्हणजे किती मिलिमीटर

१२ जानेवारी २०२६, सोमवार. दुपारी १.१५

आजपासून रोजनिशी. वही कंपनीतलीच आहे, इन्स्पेक्शन रजिस्टर. कोरी राहिली होती म्हणून घरी आली. बोम्मसंद्र्याच्या बेअरिंग कारखान्यात एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो. माझ्या हातून चुकीचं बेअरिंग कधी पास झालं नाही. (९८ सालचा लॉट धरत नाही. तेव्हा मला ताप होता.) रिटायर होऊन दोन वर्षं झाली. आता घरात सगळीकडे लक्ष घालतो. वसुमतीला त्याचा फार आधार वाटतो.

आज बसवनगुडीच्या आमच्या परसात लाकूड येऊन पडलं. वसुमती चिकूच्या झाडाशेजारी एक लाकडी समर हाउस बांधून घेतेय, सहा फूट बाय पाच फूट. कशासाठी, विचारलं. बसायला, म्हणाली. कुणाला? माणसाला, म्हणाली आणि आत गेली.

मी समजायचं ते समजलो. ८ फेब्रुवारीला मला साठ पूर्ण होतात. षष्ट्यब्दीची शांत वगैरे काही नको, असं मी डिसेंबरात तिला स्पष्ट सांगितलं होतं. तिने लगेच ऐकलं. पस्तीस वर्षांच्या संसारात माझं म्हणणं तिने इतक्या लगेच कधी ऐकलं नव्हतं, मला तेव्हाच संशय यायला हवा होता. हे माझं सरप्राइज आहे. रिटायर माणसाला स्वतःचं ऑफिस. डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

संकल्प पहिला: काही माहीत नसल्यासारखं वागायचं. संकल्प दुसरा: कामात नाक खुपसायचं नाही.

दुपारी ३.४०

फक्त बघून आलो. माप घ्यायचा व्हर्निअर खिशात होता, तो सवयीने बाहेर निघाला.

१३ जानेवारी, मंगळवार

सुताराचं नाव हयवदन आचारी. (इथे सुताराला आचारी म्हणतात. पुण्याच्या लोकांना हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं.) वयस्कर, शांत माणूस, कानावर पेन्सिल. चौकटीचे दोन्ही खांब मापले. एक चार मिलिमीटरने कमी निघाला. दाखवला. स्वल्प, सार, म्हणाला.

स्वल्प म्हणजे थोडं, हे मलाही कळतं. आमचं घराणं इथे साडेतीनशे वर्षं आहे. पण थोडं म्हणजे किती? वरची मर्यादा काय, खालची काय? विचारलं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, जास्ती नाही सार.

ड्रॉइंग मागितलं. ते अम्मांकडे, म्हणजे वसुमतीकडे असतं म्हणाला. तिच्याकडे मागता येत नाही, मला काही माहीतच नाहीये.

१४ जानेवारी, संक्रांत

हयवदन सुट्टीवर. एळ्ळु-बेल्ल (इथला तिळगूळ) खाऊन निवांत मापं घेतली. चौकटीतलं स्वल्प चार मिलिमीटर. छपराच्या फळीतलं अकरा. काल जेवून स्वल्प उशिरा येतो म्हणाला, ते दोन तास दहा मिनिटं. याला टॉलरन्स म्हणत नाहीत, स्वभाव म्हणतात. रजिस्टरमध्ये वेगळं पान काढलं.

दुसरा संकल्प थोडा बदलला. नाक खुपसायचं नाही, पण नोंद ठेवायची.

१६ जानेवारी

आमच्या मुलीचे, संहिताचे सासरे विश्वासराव, त्यांचा पुण्याहून फोन. साठीचं काय केलंय, म्हणाले. म्हटलं, वसुमतीने मला न सांगता आचारी लावलाय, चांगला तीन आठवड्यांसाठी. ते म्हणाले, तीन आठवडे म्हणजे मोठाच बेत दिसतोय. नाही हो, म्हटलं, सहा बाय पाच. किती माणसांचा अंदाज आहे, विचारलं. एका वेळी एकच, म्हटलं. मग बुफे असणार, असं काहीतरी पुटपुटले. लाइन खराब होती.

पत्नी सुचेताबाईंना घेऊन आठ तारखेला येतायत. पोट रिकामं ठेवून येतो म्हणाले. प्रवासात ते चांगलंच.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ८.३०

वसुमतीचा ऑनलाइन कन्नड वर्ग रोज सकाळी सात ते आठ. पुण्या-मुंबईकडून आलेली आयटीतली मुलं, के. आर. पुरमच्या बाजूला राहतात, ऑटोवाल्याशी बोलता यावं म्हणून शिकतात. मी नेहमीप्रमाणे मागे बसून उच्चार दुरुस्त केले. कस्तुरी नावाच्या मुलीचा ‘च’ अजून पुण्याचाच आहे. चार वेळा म्हणून घेतला. वर्ग संपताना तिने वसुमतीला विचारलं, मॅडम, सर रोज असतात का. मुलांना माझी गरज वाटायला लागलीय.

दुपारी

हयवदन भिंतींना आतून जाड फोम लावतोय. घराच्या बाजूला खिडकीच नाही. एकच खिडकी, ती कंपाउंडच्या भिंतीकडे, तिला गज. विसरलात का, विचारलं. अम्मांनी असंच सांगितलंय, म्हणाला. बाहेरचा आवाज आत नको, आतला बाहेर नको.

माझ्या विचारात व्यत्यय येऊ नये म्हणून तिने केवढा विचार केलाय. संध्याकाळी तिच्याकडे बघून नुसता हसलो. बरं वाटत नाहीये का, म्हणाली.

२१ जानेवारी, बुधवार

गंभीर दोष. दाराची उंची पाच फूट चार इंच. मी पाच फूट नऊ. आतली बैठक जमिनीपासून पंधरा इंच, बसलो तर गुडघे पोटात येतात. टेबल खाली, हूक खाली. सगळंच पाच-सहा इंचांनी कमी. एखादं माप चुकलं तर माणसाची चूक. सगळी मापं सारखीच चुकली तर टेपची चूक, हे मी ट्रेनीजना एकतीस वर्षं शिकवलंय. हयवदनकडे टेपचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. त्याने टेपच माझ्या हातात दिला आणि चहा प्यायला गेला.

दुपारी २.००

टेप माझ्या स्टील स्केलवर तपासला. बरोबर आहे. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही.

दुपारी २.२०

मग स्वतःला तपासलं. एकशे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. वयाने एक गेलं असेल. पाच इंच गेलेले नाहीत.

निष्कर्ष: हयवदन स्वतः बुटका आहे. लोक आपल्याच मापाने जग बनवतात, दुसऱ्याचा विचारच करत नाहीत.

२४ जानेवारी, शनिवार

दोष सतरा झाले. नियमाप्रमाणे दारावर लाल टॅग बांधला. वर मोठ्या अक्षरांत रिजेक्टेड, खाली माझी सही.

हयवदन आला, टॅगसमोर उभा राहिला आणि हात जोडले. इथे नव्या बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड टांगतात, ते मी विसरलो होतो. बरं केलंत सार, म्हणाला, मीच सांगणार होतो. फक्त स्वल्प मोठा पाहिजे होता. मग त्याला एक लिंबू बांधलं. आता काढता येत नाही. काढलं तर अपशकुन, असं त्याचं म्हणणं. वसुमतीने टॅग वाचला आणि पदर तोंडाला लावून आत गेली. भारावून गेली असावी.

२८ जानेवारी, बुधवार. सकाळी १०.३०

हे शांतपणे लिहितोय.

दाराला कडी फक्त आतून आहे. बाहेरून काही नाही. शिवाय ती ढिली होती, स्वल्प. हयवदन ऐकत नाही म्हणून आज सकाळी मीच स्क्रू आवळले. सात वाजून पाच मिनिटांनी आत जाऊन कडी लावून बघितली. लागली. उघडेना. फोन घरात. हाका मारल्या. मग ओरडलो. मग भिंतीवर मुठी आपटल्या, फोमवर मूठ आपटली तर आवाजसुद्धा होत नाही. खिडकीतून कंपाउंडवरचं मांजर दिसत होतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं.

हयवदन नऊ पन्नासला आला. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत. हा दोष क्रमांक चौदा मी स्वतः लिहिला होता. त्याने त्या काढल्या आणि दार उचलून बाजूला ठेवलं. सॉरी सार, आज स्वल्प उशीर झाला, म्हणाला.

घरात गेलो. वसुमती खुशीत होती. मी फिरायला गेलोय असं तिला वाटलं होतं. आजचा वर्ग आजवरचा सगळ्यांत चांगला झाला म्हणाली. मुलं पहिल्यांदाच मोकळेपणी बोलली. मी नसताना झाला, त्यामुळे मला खात्री करून घेता येत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

काम संपत आलं. अहवाल तयार: एकूण दोष तेवीस. लॉट परत पाठवण्याच्या लायकीचा. पण माणसाने प्रेमाने दिलेल्या वस्तूला रिजेक्ट करायचं नसतं, हे साठाव्या वर्षी मला कळायला लागलंय. आठ तारखेला सगळ्यांसमोर भाषण करीन, तेवीसच्या तेवीस दोष वाचून दाखवीन आणि मग सगळे माफ करीन. वसुमतीला रडू आवरणार नाही. भाषण लिहायला घेतलं. चार पानं झाली.

विश्वासरावांचा मेसेज: जिलबी आहे की श्रीखंड? मी लिहिलं, अजून पॉलिशच व्हायचंय. त्यावर त्यांनी हसरा चेहरा पाठवला.

५ फेब्रुवारी

पॉलिश झालं. दार सोडलं तर खरंच देखणं झालंय. आतून लाकडाचा वास येतो. बैठकीवर आठ इंचांची उशी ठेवली म्हणजे माझे गुडघे बसतील. दारातून वाकून जायची सवय करतोय, आज वीस वेळा केली. वसुमतीने स्वयंपाकघरातून बघितलं. नमस्कार कुणाला करताय, म्हणाली.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

लिहून टाकतो, म्हणजे एकदा होऊन जाईल.

विश्वासराव आणि सुचेताबाई सकाळी नऊला आले. मी सगळ्यांना परसात नेलं. हयवदनही होता, धुतलेला शर्ट घालून, काखेत कागदात गुंडाळलेली पाटी. मी भाषण काढलं. तेवीस दोष वाचले. सगळे माफ केले. म्हटलं, वसुमती, रिटायर नवऱ्याला बायको स्वतःची जागा बांधून देते, याहून मोठं काय असतं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आत शिरायला गेलो आणि चौकट कपाळाला लागली. वीस वेळा केलेली प्रॅक्टिस ऐन वेळी आठवली नाही.

मी कपाळ चोळत असताना हयवदनने पाटी लावली. पाटीवर होतं: वसुमती, कन्नड वर्ग. कृपया हाक मारू नये.

पाटीवर नाव चुकलंय, मी म्हटलं.

वसुमतीने ड्रॉइंग आणून माझ्या हातात दिलं. तिच्याच अक्षरातलं. दार तिच्या उंचीचं. बैठक तिच्या गुडघ्यांची. कडी आतून, खाली दोन रेघा. दोन वर्षांत तीन मुलं वर्ग सोडून गेली म्हणाली, आता चौथी कस्तुरी. माझ्यापाशी हा वर्गच काय तो आहे, म्हणाली. म्हटलं, सगळं मान्य, पण एवढा जाड फोम कशाला. फोम तुमच्यासाठी, म्हणाली. हळू आवाजात म्हणाली, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ऐकू गेलं.

तेवढ्यात विश्वासरावांनी विचारलं, आचारी कुठे आहे. हयवदन पुढे झाला. विश्वासरावांनी त्याच्याकडे, त्याच्या कानावरच्या पेन्सिलीकडे आणि मग समर हाउसकडे बघितलं. सुचेताबाईंनी डोळे मिटले. दोघांनी काल संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

सगळ्यांना कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात नेलं. उभ्याने बिसिबेळे भात खाल्ला. हयवदनलाही बोलावलं होतं, त्यानेच सगळ्यांना वाढलं. विश्वासराव दोनदा म्हणाले, छान आहे हो आचारी.

वाईट वाटलं. कपाळाचं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०

झोप नीट लागली नाही म्हणून अहवाल पुन्हा काढला. माझ्या जागी वसुमतीची उंची धरली, पाच फूट दोन. एकेक दोष तपासत गेलो. तेवीसच्या तेवीस निघून गेले. कडीसुद्धा, तिच्या बोटांच्या जोराला ढिलीच बरोबर होती, मीच आवळली. चार मिलिमीटरचा खांब जमिनीचा उतार बघून कमी केला होता. एकतीस वर्षांत इतका चोख जॉब माझ्या टेबलावर आला नव्हता. टॅग काढावा म्हणतो. पण लिंबू आहे.

सकाळी ११.००

सात वाजता वसुमती लॅपटॉप घेऊन निघाली. किती वेळ, विचारलं. स्वल्प, म्हणाली, आणि कडी लागली.

कॉफीचं डिकॉक्शन सापडेना. स्वयंपाकघराच्या दारातून चार हाका मारल्या, शेवटची मोठ्याने. उत्तर नाही. आवाजाची गळती शून्य. पास.

मग चिकूखाली खुर्ची टाकून घड्याळ लावून बसलो. बाहेर आली दहा चाळीसला, चेहरा एकदम ताजा. कॉफी झाली का तुमची, विचारलं. रजिस्टरच्या स्वल्पच्या पानावर नोंद केली: तीन तास चाळीस मिनिटं.

वर्ग एक तासाचा असतो.