पाळण्याची कुरकुर

प्रिय खारूताई,

काल तुझा फोन ठेवला आणि तसाच दुकानात येऊन बसलो. समोर एका शिंपीणबाईंचं मशीन उघडं पडलंय, पण हात चालेना. फोनवर मी चार वाक्यं बोललो की तू "बाबा, भाषण नको" म्हणतेस, म्हणून हे कागदावर. आवडलं नाही तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

आमची नात, भोंगाबाई, तुमच्या घरी गेल्यापासून झोपत नाही, तू पाजून, थोपटून, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालून थकलीस, जावईबापू ऑफिसात बसल्या जागी पेंगतात, हे सगळं कळलं. तान्ह्या पोराच्या घरात हे चालायचंच. पण नंतर तू म्हणालीस, "तुमच्याकडे ती शहाण्यासारखी झोपायची. माझ्यातच काहीतरी कमी आहे. एक तर तो पाळणा पाठवा, नाहीतर मी तिलाच तिकडे आणून सोडते." रागाने बोलली असतीस तर मी मनावर घेतलं नसतं. तू अगदी शांतपणे बोललीस.

हॉस्पिटलमधून तुम्ही दोघी इकडे आलात तेव्हा या घरात बाळाचं कळणारं कुणी नव्हतं. तुझी आई असती तर गोष्ट वेगळी. मी आपला तोऱ्यात होतो. शिलाई मशीनची दुरुस्ती कुणाच्या हाताखाली न राहता, मोडकी मशीनं उघडून उघडून शिकलेला माणूस मी, एवढंसं पोर काय अवघड! हॉस्पिटलातच तिची ती पहिली काळी चिकट शी पाहून मी म्हणालो की जुन्या मशीनमधलं ग्रीस हुबेहूब असंच निघतं, आणि तू पोटाचे टाके धरून "बाबा, हसवू नका हो" म्हणत हसत सुटलीस. घरी आल्यावर शेजारच्या नर्सबाईंनी मला कोपरापर्यंत हात घासायला लावले. लंगोटाची कड सरळ येईपर्यंत मी पुन्हा पुन्हा सोडून बांधायचो आणि ती सरळ आली रे आली की बाईसाहेब भिजवून मोकळ्या. सदऱ्याच्या खांद्यावर दुधाच्या गुळणीचा डाग घेऊन दुकानात बसायचो. एखाद्या गिऱ्हाइकाने बोट दाखवलं तर ऐटीत सांगायचो, नातीची सही आहे.

आता त्या पाळण्याचं. त्याच्या उजव्या कडीचा बोल्ट कोरडा पडला होता, दर झोक्याला कुरकुरायचा. जन्मभर मशीनची कुरकुर घालवणाऱ्याच्या घरात पाळणा कुरकुरतो म्हणजे काय? तू तिला वजन करायला घेऊन गेलीस तेवढ्यात मी बोल्ट काढला, घासला, त्याखालची गंजकी चकती, म्हणजे वायसर, बदलला आणि तेल घालून बसवला. पाळणा असा हलायला लागला की वाऱ्यालाही कळू नये. आणि त्याच दिवसापासून भोंगा सुरू झाला. तू म्हणालीस, माझं दूध पुरत नाही. नर्सबाई म्हणाल्या, वजन छान वाढतंय, उगाच काहीतरी बोलू नकोस. तू रडायचीस, ती रडायची आणि मी निर्दोष पाळण्याकडे बघत उभा.

शेवटी नाक मुठीत धरून मी तेल पुसलं आणि जुना गंजका वायसर परत घातला. चांगलं चालणारं काम हाताने बिघडवलं, आयुष्यात पहिल्यांदाच! कुरकुर सुरू झाली, पोर झोपलं, आणि तू सगळ्यांना सांगत सुटलीस की बाबांच्या पाळण्यात जादू आहे. मीही मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

पण मला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी स्वतः दोरी धरून बघितली. तोच पाळणा, तीच कुरकुर, तोच झोका. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. तू ओल्या केसांनी धावत आलीस, माझ्या हातातून दोरी घेतलीस, आणि मी पडद्याआड उभा राहून कान दिला. पाळणा कुरकुरला की त्या लयीला धरून, दोन झोक्यांच्या मधल्या जागेत, तू गुणगुणत होतीस. शब्द नाहीत, चाल अशीही नाही. तुझं तुलाच भान नव्हतं. मी तेल घातलं तेव्हा लय गेली आणि तिच्यासोबत तूही गप्प झालीस. पोरगी रडत होती ती त्यासाठी, आणि तुमच्याकडेही त्याचसाठी रडते.

हे तेव्हाच सांगायचं होतं. पण शाळेत बाईंनी तुला गाण्याच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितले, तेव्हापासून तू चारचौघांत कधी सूर लावला नाहीस. सांगितलं तर लाजून तेवढंही बंद करशील, ही भीती. म्हणून जादूचं श्रेय मी घेत राहिलो. आता तू त्या गंजक्या लोखंडाला आई ठरवून स्वतःला बाद करायला निघालीस, तेव्हा गप्प कसा बसू?

पाळणा उद्या टेम्पोने येईल. पोरीला मात्र इकडे आणून सोडायचं नाही. तिला हवंय ते माझ्याकडे नाही. आणि एक, वायसर मी नवा घातलाय. बोल्ट घासून, पुसून, पोटभर तेल देऊन बसवलाय. कितीही हलवलास तरी तो वाजणार नाही. गुणगुणायचं तेवढं तुलाच बघावं लागेल.

तुझाच,
बाबा