दादाचा पूर्वपक्ष

२ जुलै, बुधवार

पाणी चढतंय. बालाजी घाटाच्या खालच्या पाच पायऱ्या काल दिसत होत्या, आज नाहीत. दादा आणि मी वरच बसलो.

वाद तोच, आशियातला आजवरचा सगळ्यात मोठा बॉक्सर कोण. दादाचा फि., म्हणजे फिलिपिन्सचा तो डावखुरा, हलक्या वजनातून वर चढत जड माणसांना लोळवत गेलेला. माझा था., थायलंडचा. एकाच वजनात वर्षानुवर्षं किताब राखला आणि किताब हातात असतानाच खेळ सोडून घरी गेला. वीस-बावीस वर्षं भांडतोय, निकाल नाही.

नियम भाऊंचा, म्हणजे आमच्या वडिलांचा. ते पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवायचे. आम्ही भांडलो की समोरासमोर बसवायचे. आधी दुसऱ्याचं म्हणणं तू मांड, तो पूर्वपक्ष. तो 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणाला की मगच खोडायला तोंड उघडायचं. तो 'नाही' म्हणाला तर परत पहिल्यापासून.

आज दादानं माझी बाजू मांडली. था. का मोठा, ते माझ्याहून नीट सांगितलं. मी 'हो' म्हटलं. मग तो खोडायला लागला आणि मध्येच थांबला. पाण्याकडे बघत बसला.

"बंडू, माझा कोण रे?"

मला आधी वाटलं चेष्टा करतोय.

५ जुलै, शनिवार

डॉक्टर. डोक्याचे फोटो लावून दाखवले. वर्षानुवर्षं बसलेला मार आहे, आता बाहेर येतोय. हाताची थरथर त्यातलीच. औषधानं वेग कमी होईल म्हणाले. बरं होणार नाही, हे मीच विचारून घेतलं.

"कितने साल खेले?" दादानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, चौदा वर्षं बॉक्सिंग, रेल्वेकडून. नोकरीही त्याच्यावरच लागली होती.

बाहेर आल्यावर दादा म्हणतो, "पोरगा हुशार आहे." डॉक्टर पन्नाशीचा आहे. दादा अठ्ठावन्न.

येताना रिक्षावाल्यावर विनाकारण ओरडलो. मग वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

संध्याकाळी मुग्धा फॉर्म घेऊन आली. दादाची एकुलती एक, सतरा वर्षांची. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. फॉर्म लखनौच्या बॉक्सिंग शिबिराचा. वडिलांची किंवा पालकाची सही, एक ऑगस्टपर्यंत. आजच आणायचा होता का? भाऊंच्या पोथ्यांच्या पेटीत टाकला, वर कुलूप.

८ जुलै, मंगळवार

हल्ली दोन्ही बाजू मीच मांडतो. 'दादा, तुझं म्हणणं असं की...' म्हणून फि.चं सगळं सांगतो. तो मान हलवतो, मध्येच डोळे चमकतात. "वा, कुणाचं रे हे?" तुझंच, म्हणतो.

पुढे मला खोडायचं असतं. जीभ उचलत नाही. वीस वर्षं ज्याच्यावर तुटून पडायचो, तेच आता जपून ठेवतोय. त्याचं म्हणणं आता माझ्याशिवाय कुणाला येत नाही.

११ जुलै, शुक्रवार

इथला उत्तरेकडचा सावन सुरू. आपल्या मराठी श्रावणाला अजून चौदा दिवस. गल्लीत कावडवाले, बाहेर पाय टाकायला जागा नाही.

मुग्धानं फॉर्म मागितला. मी 'नाही' म्हटलं. एकदा, दोनदा. आवाज चढला माझा. दादा आत जेवत होता, चमचा ताटावर टकटक वाजत होता. मी म्हटलं, ऐक तो आवाज आणि मग बोल.

ती रडेल असं वाटलं होतं. खाली बसली, मांडी घालून, भाऊंच्या जागेवर.

"ठीक है काका. भाऊंच्या नियमानं. तुमचं म्हणणं मी मांडते."

आणि मांडलं. बाबांना माझ्या आईचं नावही काल आठवलं नाही, ते काकांनी ऐकलं. काकांनी बाबांचे बाउट टाळ्या वाजवून बघितले, एकदाही थांबवलं नाही. ते पाप त्यांना परत करायचं नाहीये. काका माझ्यावर रागावलेले नाहीत, घाबरलेले आहेत. आणि मी गेले तर म्हातारपणी दोघं भाऊ एकमेकांची तोंडं बघत बसतील, हेही आहे, पण ते काका बोलणार नाहीत.

"हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"अब आपकी बारी. माझं तुम्ही मांडा. जमलं की मग खोडा. तोपर्यंत 'नाही' म्हणायचा हक्क नाही तुम्हाला."

१२ जुलै, शनिवार

प्रयत्न केला. 'तुला मेडल हवंय, रेल्वेत नोकरी हवीये.' ती म्हणाली, नाही.

'बाबांचं नाव पुढे न्यायचंय.' "काका, ये तो पिक्चर का डायलॉग है."

पाठशाळेत पोरांना पूर्वपक्ष शिकवतो मी. पगार घेतो त्याचा. घरच्या पोरीचा मांडता येत नाही.

१७ जुलै, गुरुवार

घाट पाण्याखाली. बसायला आता गच्चीच. मुग्धा तिथंच दोरीवर उड्या मारते, आम्ही कडेला. दादा मोजतो. तीसच्या पुढे चुकतो, परत एकपासून सुरू करतो. ती त्याच्यासाठी तिसाला थांबते, दम घेते, पुन्हा सुरू. मला वाटायचं दमते म्हणून थांबते.

तिसरा प्रयत्न आज. 'तुला वाटतं तुला लागणार नाही.' "नाही काका. हे तर बिलकुल नाही."

तिचा मोठा बॉक्सर कोण, विचारलं. हल्लीचा एक जपानी. मग म्हणते, "तुमच्या दोघांच्या यादीत एकही बाई नाही, हे कधी लक्षात आलं?" आलं नव्हतं.

२३ जुलै, बुधवार

दादानं मला 'भाऊ' म्हणून हाक मारली. ओ दिली.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आमच्या घरात हा दिवस वाटून घेतलेला असायचा. भाऊ नागकुव्यावर, त्या विहिरीपाशी पंडितांच्या वादसभेला, शास्त्रार्थाला, मागून मी पाण्याचा तांब्या घेऊन. दादा आखाड्यात. दुपारी दोघंही आपापली धूळ घेऊन जेवायला यायचे.

आज लाह्या, दूध, पूजा मुग्धानं केली. मग गच्चीत बसलो. दादाला बरा दिवस होता. स्वतःहून विषय काढला.

"बंडू, था.च मोठा. वेळेवर घरी गेला."

नियमानं मी जिंकलो. बावीस वर्षांनी. तो विसरलाय म्हणून म्हणाला, की इतक्या वर्षांनी मत बदललं? विचारायची हिंमत झाली नाही. दोन्ही उत्तरं नको होती मला.

आणि समोर कुणीच उरलं नाही, हे सहन होईना. म्हणून मी फि.ची बाजू घेतली. पहिल्यांदाच, मनापासून. दादाचंच सगळं, त्याच्याच शब्दांत. था. राजा होता, आपल्या राज्यात राहिला. फि. दर वेळी आपल्याहून जड माणसासमोर उभा राहिला. लोक म्हणायचे वेडा आहे, याला कळत नाही. त्याला सगळं कळत होतं. किती लागेल, कुठं लागेल, आपण पडू शकतो, सगळं. न कळून रिंगमध्ये जाणारे खूप असतात. हा कळून गेला, आणि कुणी ढकललं म्हणून गेला नाही.

बोलताना दादाच्या हातांकडे बघत होतो. या माराबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. चौदा वर्षांत एकानंही नाही, मीही नाही.

मागे दोरीचा आवाज थांबला होता.

"हो," मुग्धा म्हणाली. "हेच माझं म्हणणं. बाबांना माहीत नव्हतं. मला माहीत आहे. रोज बघतेय. माहीत असून मागतेय."

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "हं. खोड आता."

खाली जाऊन पाणी प्यायलो. परत वर गेलो नाही.

३० जुलै, बुधवार

आता हक्क आहे 'नाही' म्हणायचा. खोडायला मुद्दा शोधायलाही जायला नको, माझ्या शेजारीच बसून वरणभात सांडतोय. पण तो मुद्दा तिनं आधीच मांडून ठेवलाय, माझ्याहून नीट.

मुग्धा काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. रागावता आलं असतं.

३१ जुलै, गुरुवार

सकाळी पेटी उघडून फॉर्म काढला. त्याला पोथ्यांचा वास लागलाय. वडील हयात असताना पालकानं सही करावी हे मनाला पटेना. दादासमोर ठेवला.

"कशाचं आहे?"

सांगितलं. मग म्हटलं, दादा, दोन पक्ष आहेत, दोन्ही ऐक आणि निकाल दे. आधी तिचा मांडला. माहीत असून मागतेय, तिथपर्यंत, एक शब्द न गाळता. मग माझा. टाळ्या वाजवल्या होत्या, तेही सांगितलं. पुरा केला.

दादा भाऊंसारखा ताठ बसून ऐकत होता. मध्ये एकदाही तोडलं नाही. इतकं लक्ष देऊन त्यानं महिनाभरात काही ऐकलं नसेल.

दोन्ही पक्ष झाले. पेन हातात घेतलं, थरथर थांबायची वाट बघितली, खाली ठेवलं.

"दोघंही खरं बोलतायत रे," म्हणाला. "पोरीला मार लागेल. आणि तो बिचारा फार घाबरलाय." मग माझ्या हातावर हात ठेवला. "कोण आहेत ही माणसं? आपल्या ओळखीची आहेत का?"

हो, म्हटलं. ओळखीची आहेत.

फॉर्म अजून पाटावर आहे, पेन वर ठेवलंय उडू नये म्हणून. गच्चीत दोरी चालू झाली. दादा वर गेलाय, मोजतोय, मला इथपर्यंत ऐकू येतंय. उद्या एक तारीख. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. थांबली.