साधना पळेपर्यंत

२७ नोव्हेंबर २००४

हसायचं नाही! डॉक्टरीणबाईंनी साधनाला जे जे बंद केलं, त्यात माझाच धंदा बंद केला. मी तोंड उघडलं की ही हसते, हसली की टाके ओढतात, मग उशी पोटाशी दाबून म्हणते, "आई, नका ना!" मी नुसतं विचारलं होतं, चहा घेतेस का. तरी हसली.

तर ही रोजनिशी. सांगणार मी, सखुबाई. लिहिणार माझी सून साधना, कारण मला अक्षर येत नाही आणि तिला सध्या दुसरं काम नाही. वही गोरक्षनं आणली — माझा लेक, हिचा नवरा. जन्मभर बडबड केली, आता थोडी कागदावर राहू दे. नियम एकच. लिहिणारीनं लिहायचं, वाचायचं नाही. मी "हाय" म्हटलं की ही "आहे" लिहिते. लिहू दे, शिकलेली बाई आहे.

झालं ते असं. तीन वर्षांमागं हिच्या पोटात दोन पोरं एकदम राहिली — रुद्र आणि साई. पोरं गोजिरी, पण पोटाचे स्नायू मधोमध फाकले ते परत मिटलेच नाहीत. बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा, खाली कातडीची झोळी. मेथी उपटायला वाकली की एक हात पोटाला. आणि ही कोण? पळणारी! निफाडला माहेरी असताना कप आणायची. लग्नानंतरही आमच्या मखमलाबादच्या पाटाच्या कडेनं पहाटे पळून यायची आणि मग भाकरी थापायची. लोक बघायचे. मी म्हणायचे, बघा, फुकट आहे.

पोरं झाल्यावर एकदा पळून बघितलं. अर्ध्यातून पोट धरून परत आली. बूट माळ्यावर टाकले. तेव्हापासून घरात वावरायची, पण घरात नसायची.

दिवाळी झाली आणि ऑपरेशन केलं. आतले स्नायू शिवले, जास्तीची कातडी काढली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय? पोरांचा नाही, नवऱ्याचा नाही. "पळता कधी येईल?"

२८ नोव्हेंबर

हसली. चूक माझी. शेजारच्या नवसाबाईच्या कोंबड्याची नक्कल करायला नको होती.

१ डिसेंबर

जखमेतल्या नळ्या निघाल्या. डॉक्टरीणबाई चांगली आहे, पण डोळे शाळेतल्या बाईसारखे. म्हणाली, "वरची जखम भरली म्हणून आतली शिवण भरली असं समजू नका. चाला, रोज थोडं वाढवा. उचलायचं काही नाही. पोटाचे व्यायाम मी सांगेन तेव्हाच. पळणं तीन महिने झाल्यावर, तेही मी तपासून."

"आणि त्याच्या आधी पळलं तर?" साधनानं विचारलं.

"तर शिवण उसवेल. पुन्हा शिवताना इतकं नीट जमेलच, असा शब्द मी देणार नाही."

रिक्षात ही बाहेर बघत होती. पाटाचा पूल आला तेव्हा मान वळवून मागंपर्यंत बघत राहिली.

४ डिसेंबर

पोरं निफाडला हिच्या आईकडं आहेत. इथं असती तर "उचल" म्हणाली असती आणि हिनं उचललं असतं. घर कसं रिकामं वाटतंय.

ही अजून सरळ उभी राहत नाही, पोट ओढतं. कंबरेत वाकून ओट्यापासून गोठ्यापर्यंत चालते. मी जन्माची वाकलेली. आज दोघी बरोबर चाललो तर पलीकडच्या घरातला कोंडाजी ओरडला, "सखुबाई, काय हरवलं? दोघी मिळून शोधताय!" मी म्हटलं, तुझी अक्कल. सापडली तर कळवते.

(हसली. पण उशी वेळेवर धरली.)

दुपारी बघते तर बाई शेवंतीची पाटी दोन्ही हातांनी सरकवतेय. "उचलली नाही आई, नुसती सरकवली." मी ओरडले नाही. म्हटलं, ये, लिहायचंय. बसली. मग सांगता सांगता मी माझ्या लग्नातल्या बैलापर्यंत गेले. त्यातलं तिनं इथं काहीच लिहिलेलं नाही, म्हणे पानं संपतील. आगाऊ!

१२ डिसेंबर

आज घात केला. लिहिणारीनं नाही, मी.

थंडी कडाक्याची. नवसाबाई शेजारची, हिला बाळंतिणीच्या पलीकडं काही माहीत नाही. डिंकाचे लाडू घेऊन आली आणि म्हणाली, "पोटाला शेक नाही दिला? सखुबाई, तुम्ही पण ना! बाळंतपणात काय केलं होतं?" मलाही पटलं. पोट दुखलं की शेक, एवढंच आम्हाला ठाऊक. शेगडी पेटवली. निखारे मीच फुंकले. खाटेवर हिला झोपवलं, फडकं तापवून तापवून पोटावर ठेवलं. मधून विचारत होते, "भाजत नाही ना गं?" ही म्हणायची, "नाही आई, काहीच लागत नाही."

काहीच लागत नव्हतं! फडकं काढलं तर बेंबीखाली लालबुंद, आणि वर फोड.

डॉक्टरीणबाईनं कपाळावर हात मारला. असं ऑपरेशन झालं की तिथली कातडी कितीतरी महिने बधिर असते. गरम कळत नाही, भाजलेलं कळत नाही. "तिला लागत नाही म्हणजे तिला काही होत नाही असं नाही, आजी," म्हणाली. पोटाला बांधायचा पट्टा चार दिवस सैल, चालणं पुन्हा घरातल्या घरात.

ही मला एक शब्द उलटा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१३ डिसेंबर

नवसाबाईचे लाडू मात्र चांगले झालेत. तिला तसं कळवलं. रडत होती बिचारी.

२४ डिसेंबर

फोड भरला. चालणं पुन्हा सुरू. आता पाटापर्यंत, पट्टा बांधून. एकटी सोडली तर पाय आपोआप वेगात पडतात तिचे, मी दुरून बघितलंय. म्हणून मी सोबत जाते. माझे गुडघे असे की गोगलगाय पण "आजी, चला ना" म्हणेल. ही थांबते, माझा हात धरते, पुन्हा थांबते.

गोरक्ष सातपूरहून कारखान्यातली पाळी संपवून आला तो जेवताना फुटलाच. "आता चालणं झालं ना? मग पुरे. पळायचं काय खूळ आहे? पोट शिवलं, बरी झालीस, बस की घरात!"

साधना म्हणाली, "घरात बसायला नाही शिवून घेतलं मी."

तो ताटावरून उठला. मी मागं गेले. गोठ्यात उभा. म्हणाला, "आई, तू नव्हतीस तिथं. ऑपरेशनमधून बाहेर आणली तेव्हा तोंड पांढरंफटक, अंगात नळ्या. पुन्हा उसवलं तर पुन्हा तेच बघायचं का मी?"

म्हटलं, गोरक्षा, हे तिला सांग ना. मला काय सांगतोस? म्हशीला काय सांगतोस?

लिहिताना ही थांबली आत्ता. लिही बाई, पुढं लिही. नियम आहे.

१४ जानेवारी २००५

संक्रांत. हळदीकुंकवाला बाया आल्या. भागीबाईनं तिळगूळ दिला आणि हिच्या पोटाकडं डोळे लावून म्हणाली, "गोड बोला हं! बाकी सूनबाई, पोट कापून बारीक व्हायचं म्हणजे शहरातल्या हिरॉइनींचं काम. आम्ही सात बाळंतपणं केली, लोंबलं तर लोंबलं."

साधनाचं तोंड उतरलं. वाण देणारा हात तिथंच थांबला.

मी म्हटलं, भागीबाई, तुमची विहीर खचली तेव्हा तुम्ही बांधून घेतली का नाही? का तशीच ठेवली — खचली तर खचली? बाया हसल्या. भागीबाई पण हसली, तेवढं बरं आहे तिचं.

खरं सांगू? माझंही लोंबलेलंच आहे. पाच बाळंतपणांचं. नऊवारीच्या निऱ्यांत सगळं दडतं म्हणून कोणाला माहीत नाही. मी कधी म्हटलंच नाही की मला हे नको आहे. म्हणता येतं, हेच ठाऊक नव्हतं. हिनं म्हटलं.

२ फेब्रुवारी

पोरं आली! रुद्र दारातूनच हात वर करून धावला — "आई, उच्चल!" ही वाकणार, तेवढ्यात स्वतःच थांबली. भिंतीला पाठ लावून खाली बसली, मांडी घातली, म्हणाली, "मी नाही उचलणार. तू चढ." तो चढला. साई पण चढला. दोघांनी मिळून तिचा पार डोंगर केला.

मी काहीच सांगितलं नव्हतं. तिनंच केलं. मी चुलीकडं तोंड केलं. धूर फार झाला होता.

९ फेब्रुवारी

आता पोटाचा व्यायाम द्यायला लागली डॉक्टरीणबाई. व्यायाम कसला! उताणं झोपायचं, गुडघे मोडायचे, श्वास सोडताना पोट हळूच आत घ्यायचं. बस. मी म्हटलं, याला पैसे घेतात? शेजारी झोपून मी पण केला. मला उठता येईना. दोन्ही पोरं माझे हात ओढतायत, साधना हसतेय — मोठ्यानं, खदाखदा. उशी कोपऱ्यात पडलेली. तिच्याकडं कोणी बघितलंही नाही.

२५ फेब्रुवारी

तपासलं. बोटं दाबून दाबून बघितलं, मान उचलायला लावली. शिवण पक्की! "थोडं चाला, थोडं पळा, पुन्हा चाला. ओढलं की थांबा. पट्टा राहू दे." साधना डॉक्टरीणबाईच्या पाया पडायला वाकली आणि विनासायास सरळ झाली.

माळ्यावरून बूट गोरक्षनं काढले. न सांगता. ओट्यावर बसून फडक्यानं पुसत होता. म्हणाला, "उद्या मी सायकल घेऊन मागं येतो."

ती म्हणाली, "नको. पहिल्यांदा एकटीच."

त्यानं दुसरा बूट पुसायला घेतला. मग म्हणाला, "बरं. नाड्या नीट बांध."

२६ फेब्रुवारी

आज गोरक्ष लिहितोय. साधना पाटावर पळतेय, अजून आली नाही.

गोरक्षा, आता तुला म्हणून सांगते. मला कसली रोजनिशी? कधी नको होती. ही जागेवर बसेना, म्हणून काढलेली युक्ती. हातात पेन असलं की उठायची नाही. तिला बोलू नकोस.

हा लेखणी ठेवून हसतोय. म्हणतो, "आई, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला म्हणाली, आईंना वाटू दे मला कळलं नाही. त्या सांगत बसतात तेव्हा मला बसवतं."

लबाड! लिही — लबाड.